धडधाकट हाताचा फोटो

बीर खर्रूब
४ डिसेंबर १९८६

वन्सं शादलिया यांना,

मन्नूबियाचा सलाम. तुम्ही बऱ्या असालच. नसतात तर तुमचं कण्हणं स्फाक्सहून इथवर ऐकू आलं असतं. अक्षराला हसू नका. साक्षरतेच्या वर्गात मी पन्नाशी उलटल्यावर गेले, आणि बाईंचं लग्न ठरल्यावर वर्ग बंद पडला. जेवढी अक्षरं हाती लागली तेवढ्यांत भागवते.

कामाचं लिहिते. आमची जैतून तोडणी चालू आहे. माझा मुंजी आणि सून धाकट्याला घेऊन समुद्रापलीकडे मार्सेला गेल्यापासून त्यांची दलेंदा माझ्याजवळ आहे हे तुम्हाला माहीत आहे. सात वर्षांची झाली, पण अंगात वारं भरलेलं. बोटांना बोकडाची शिंगं चढवून बायका फांद्या विंचरून फळं खाली पाडतात, तशी हिलाही पाडायची होती. "आज्जी, खालच्या फांद्या तुला, वरच्या मला," असं म्हणत शिडीवर चढली आणि तिथून खाली अंथरलेल्या चादरीवर, चादरीवरून दगडावर. उजवा हात अंगाखाली आला. कोपर वांग्यासारखं सुजलं.

तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथे एक परदेशी, बल्गेर डॉक्टर आलाय. अरबी बोलतो पण तोंडात दगड धरल्यासारखी. त्याने हाडांचा फोटो काढला, खिडकीला लावला आणि कोपराच्या सांध्यातल्या एका बारक्या ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाला, "हे इथे नको. स्फाक्स."

मी म्हटलं, "डॉक्टर, मुलांच्या हाडात फटी असतात, तुकडे सुटे दिसतात. ते मोडलेलं नसतं, वाढत असतं."

त्याने बोट तिथेच ठेवलं. पुन्हा म्हणाला, "स्फाक्स." त्याला तेवढंच येत असेल.

हे मला कुणी शिकवलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमचा नातू सैफ जिन्यावरून पडला होता आणि मनगटाला प्लास्टर घालून फिरत होता. मग तुमच्या फौजियाने दोन्ही मनगटांचे फोटो शेजारी धरून दाखवलं की मोड नाहीच, हाड वाढायची रेघ आहे, दोन्हीकडे सारखी. पोराच्या वाढीला प्लास्टर घातलं म्हणून लग्नकार्यात अजून हसतात लोक. तशी फजिती मला माझी करून घ्यायची नाही. फौजिया हाडांचे फोटो वाचणारी डॉक्टर आहे, तिला एवढं विचारा: सात वर्षांच्या मुलीच्या कोपरात, आतल्या बाजूला सांध्यापाशी, हरभऱ्याएवढा सुटा तुकडा दिसला तर तो वाढीचाच ना?

मुंजीला यातलं काही कळवू नका. तो तिथे विटा उचलतो आणि इथल्या प्रत्येक बातमीने रडतो. बापाच्याच वळणावर गेला.

मन्नूबिया


स्फाक्स
१२ डिसेंबर

प्रिय वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग फौजियाला दाखवलं. अगं, मी कण्हते कारण मला गुडघे आहेत. तुला नुसती जीभ आहे.

फौजिया म्हणाली की मुलांचं कोपर म्हणजे सगळ्यात फसवं. जन्माला येताना तिथे बहुतेक मऊ कूर्चाच असते, ती फोटोत दिसत नाही. मग एकेक ठिकाणी हाडाचा ठिपका उमटतो, मोठा होतो, आणि मोठेपणी सगळे एकमेकांना चिकटतात. तोवर फोटोत ते सुटे दिसतात. म्हणजे तुझं बरोबर असू शकतं. पण ती म्हणाली, "मामीच्या हरभऱ्यावरून मी काही सांगणार नाही, फोटो पाठवायला सांग." आणि तिने विचारलं की पडल्यावर कोपर जागचं सरकलं होतं का, वाकडंतिकडं झालं होतं का. मी म्हटलं, तसं असतं तर मन्नूबियाने दोन पानं शिव्या लिहिल्या असत्या. नव्हतं सरकलं.

तेव्हा तू निवांत राहा. फोटो लुआजवाल्या हमादीच्या हाती दे, त्याची भाड्याची गाडी तशीही रोज इकडे येते, तो आमच्या गल्लीवरूनच जातो. आणि या खेपेला तेल पाठवलंस तर पहिल्या घाण्याचं पाठव. मागच्या वर्षीचं तू नक्की वाईट नणंदांसाठी वेगळं ठेवलेलं होतंस.

तुझी शादलिया


बीर खर्रूब
२१ डिसेंबर

वन्संना,

निरोप मिळाला. मग मी निवांत राहिले. फोटो हमादीकडे दिला आहे, पिवळ्या पाकिटात, गाडीच्या टपावर टाकू नकोस असं दोनदा बजावून. घाई नाही. फौजियाला सवड मिळेल तेव्हा बघू दे.

दलेंदा बरी आहे. सूज उतरली. पट्टी मी कोमट पाण्यात भिजवून सोडवली, पीठ सुटता सुटेना, केसांसकट निघालं आणि पोरगी शेजारच्या घरापर्यंत किंचाळली. पण हात सरळ होत नाही. अर्ध्यावर येतो आणि दारात दगड अडकावा तसा थांबतो. मी ओढला तर पांढरी पडते. म्हणून ओढत नाही. वाढताना अडत असेल थोडं, असं मी म्हणते. वाढीत असं होतं का, ते विचारा.

अजून एक. घाई नाही, पण विचारा. परवा ती म्हणाली, "आज्जी, माझ्या करंगळीत मुंग्या राहायला आल्यात." मी म्हटलं, बसून बसून आल्या असतील, उठ आणि कोंबड्यांना दाणे टाक. काल चहाचा पेला तिच्या हातात दिला, गरम. मी बोलत बसले. नंतर बघते तर करंगळीला फोड आलेला. आणि ती रडली नव्हती. वन्सं, ही पोरगी पट्टी काढताना गाव गोळा करते, आणि बोट भाजलं तरी तिला कळलं नाही.

मुंजीचं पत्र आलंय. वसंतात येऊन तिला घेऊन जाणार, कागदपत्रं होत आली आहेत. पोरीच्या हातचं पत्र पाठव म्हणतो, शाळेत काय शिकते ते बघू दे. तिला पेन धरवत नाही. म्हणून मी लिहिलं तिच्या नावाने. तिचं अक्षर आणि माझं अक्षर, फरक तो काय? त्याला कळायचं नाही.

तेलाचा डबा हमादीकडे आहे. पहिल्या घाण्याचं आहे. आता बोला.

मन्नूबिया


स्फाक्स
२६ डिसेंबर

मन्नूबियामामी,

हे पत्र मी आईच्या हाती दिलेलं नाही, कारण ती मधलं गाळून तुम्हाला सांगते आणि तुमचं गाळून मला. हमादी उद्या सकाळी ते तुम्हाला देईल. वाचून लगेच उत्तर त्याच्याच हाती द्या.

फोटो पाहिला, तुमचं पत्रही स्वतः वाचलं. मामी, मुलांचे सुटे तुकडे वाढीचे असतात हे खरं आहे, आणि ते तुम्ही माझ्याकडून शिकलात हेही खरं. पण मी तेव्हा अर्धंच सांगितलं होतं. ते तुकडे वाटेल तसे येत नाहीत, त्यांचा क्रम ठरलेला असतो. कोपराच्या आतल्या बाजूला जो उंचवटा हाताला लागतो, त्याचा ठिपका आधी येतो, पाच-सहा वर्षांच्या सुमारास. त्याच्या खाली सांध्यात जो भाग फिरतो, त्याचा ठिपका नंतर, आठव्या-नवव्या वर्षी. दलेंदाच्या फोटोत नंतरच्याच्या जागी ठिपका आहे आणि आधीच्याची जागा रिकामी आहे. असं वाढीत होत नाही. मला वाटतं तो आधीचाच आहे. हाडापासून वाढीच्या रेघेत उखडला आणि सांध्यात जाऊन बसला. हात अर्ध्यावर अडतो तो त्याच्यामुळे. करंगळीची नस त्या उंचवट्याच्या मागून जाते, म्हणून तो फोड.

मला वाटतं, असं मी लिहिते. खात्री तिच्या डाव्या कोपराचा फोटो काढल्यावर होईल. प्रत्येक मुलीचं वेळापत्रक थोडं वेगळं असतं, आणि दलेंदाचं तिच्या दुसऱ्याच हातावर लिहिलेलं आहे.

आता एक विचारते, आणि खरं लिहा. हा तुकडा असा आत जातो तो बहुधा कोपर निखळून पुन्हा बसवलेलं असलं की. दवाखान्याच्या पट्टीत पीठ नसतं, मामी. कोणी बसवलं?

नस अशी दाबलेली राहिली तर करंगळी आणि शेजारचं बोट कायमचं जाऊ शकतं. पेन धरायच्या हाताची गोष्ट आहे. लगेच निघा.

फौजिया


बीर खर्रूब
२७ डिसेंबर

फौजिया,

हमादी गाडी चालू ठेवून बाहेर उभा आहे आणि भोंगा वाजवतोय, म्हणून थोडक्यात लिहिते.

अम्मारने बसवलं. हाडं बसवणारा अम्मार, विहिरीपलीकडचा. पोरगी पडली तेव्हा कोपर मागे गेलं होतं, खुर्चीचा पाय उलटा लावावा तसं.  दवाखाना लांब, गाडी नाही, अम्मार तीन झाडांपलीकडे तोडणी करत होता. त्याने धरलं, ओढलं, खट् वाजलं, हात सरळ दिसायला लागला. अंडं आणि पिठाची पट्टी बांधली. डॉक्टरकडे गेलो ते दोन दिवसांनी, पट्टी वरच्यावर सैल करून. बल्गेराने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, पडली. त्याने पट्टीचा वास घेतला आणि तिला फोटो काढायला नेलं.

तुमच्याकडे का लिहिलं नाही? तुझी आई प्रत्येक लग्नात विचारते, "वहिनी, अजून अंड्यापिठावर हाडं चिकटवता का गं?" तिला मी आणखी एक लग्न पुरवणार नव्हते. आणि मुंजीला कळलं असतं तर त्याने पोरगी तेव्हाच नेली असती. एवढंच. आता तू त्याचं काय करायचं ते कर.

तुझं पत्र आलं तसा अम्मारला हाक मारून घेतला. म्हटलं, "तू आत तुकडा कोंबलास." तो म्हणाला, "मन्नूबिया, सांधा जागेवर नव्हता, मी जागेवर आणला. त्यात काय अडकलं ते माझ्या बोटांना कसं दिसणार? म्हणून तर मी तुला म्हटलं होतं, फोटो काढ आणि सगळं सांग." म्हटलं होतं त्याने. मी अर्धं केलं.

बदामाच्या आधी जर्दाळू फुललं तर मी झाडाला कीड लागली म्हणते. पोरीच्या हाडाचंही तसंच असतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर समजलं असतं.

उद्याच्या गाडीने आम्ही येतो. कोपर उघडून ऑपरेशन करावं लागणार का ते आत्ता सांगू नकोस, पोरगी वाचायला शिकली आहे आणि माझ्या खांद्यावरून वाचते.

मन्नूबिया


मार्से
२० जानेवारी १९८७

अम्मा,

तुझं पत्र बरेच दिवस नाही. आतेला फोन लावला पोस्टातून, तर ती म्हणाली "सगळे ठीक, सगळे ठीक" आणि गुडघ्यांबद्दल बोलत राहिली. ठीक असताना ती एकदाच सांगते.

दलेंदाचं पत्र मी रोज वाचतो. शाळेचं अक्षर बिघडलंय. शिवाय तिने लिहिलंय की यंदा तेलाला भाव नाही, सरकारचं काही खरं नाही आणि सकाळी उठताना गुडघे धरतात. अम्मा, सात वर्षांच्या पोरीचे गुडघे का धरतात?

मी कामावर आहे पण माझं लक्ष नाही. काय लपवतेस ते लिही. मी रागावणार नाही. खोटं कशाला, रागावेन. पण लिही.

मुंजी


बीर खर्रूब
२ मार्च

मुंजी,

रागाव. पोट भरून रागाव, मग पुढचं वाच. आधी लिहिलं नाही, कारण लिहायला चांगलं काही नव्हतं, आणि वाईट तुला विटांच्या राशीवर चढून वाचायला लावलं नसतं.

ते पत्र माझं होतं. गुडघेही माझेच.

दलेंदा डिसेंबरात शिडीवरून पडली. उजवं कोपर निखळलं, अम्मारने बसवलं, मी सगळ्यांपासून लपवलं, आणि हाडाचा एक तुकडा सांध्यात राहिला. मी तो वाढीचा आहे म्हणून सगळ्यांना शिकवत सुटले. तुझी आतेबहीण फौजिया नसती तर अजूनही शिकवत असते.

स्फाक्सला गेलो तेव्हा फौजिया म्हणाली, आधी डाव्या हाताचा फोटो. दलेंदा म्हणाली, "हा तर धडधाकट आहे! ह्याला कशाला?" मी पण तेच म्हणणार होते, पण तोंड मिटून बसले, तुला विश्वास बसणार नाही. दोन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर शेजारी लावले. डाव्यात ठिपका वर, उंचवट्यापाशी, आपल्या जागी. खाली काहीच नाही, त्याची वेळच आलेली नाही. उजव्यात वर रिकामं आणि खाली ठिपका. मला अक्षरं नीट येत नाहीत, पण हे मला वाचता आलं. माझ्या मांडीवर बसून दलेंदाने एकदा इकडे बोट ठेवलं, एकदा तिकडे, आणि म्हणाली, "आज्जी, हा पळून आला." तेव्हा मी रडले असं तुझी आते सगळ्यांना सांगते. मला पडसं होतं.

तिथल्या डॉक्टरने ऑपरेशन केलं. तुकडा सांध्यातून काढला, जागेवर नेऊन बारीक तारेने टाचला. डॉक्टर म्हणाला, नस दाबलेली आहे, तुटलेली नाही. बोट जागं होईल की नाही ते थांबून बघायचं. थांबून बघायचं म्हणजे काय ते त्याला काय कळणार. मी रोज चिमटा घ्यायचे. सकाळी चिमटा, दुपारी चिमटा, आणि पोरगी माझ्याकडे बघत राहायची, मला बरं वाटावं म्हणून खोटं "आई गं" करायची. ते खोटं मला कळायचं, कारण चिमट्याच्या आधीच ओरडायची.

मग परवा मी भाकरी थापत होते, ती शेजारी बसलेली. मी काही केलं नाही. तव्याला तिचीच करंगळी लागली. अशी किंचाळली की कोंबड्या कुंपणावरून गेल्या. मी तिचं बोट धरून बसले आणि तिला ओरडू दिलं. शेजारीण धावत आली, "काय झालं?" मी म्हटलं, "भाजलं तिला. देवाचे आभार." ती मला वेडी समजून परत गेली.

आता अजून काय ते सांगते, लपवणार नाही. हात पूर्ण सरळ होत नाही, थोडा राहतो. फौजिया म्हणते, तो तुकडा जिथून उखडला तीच वाढायची जागा होती. ती दुखावली असेल तर पुढे कोपर वाकडं वाढू शकतं, नसेल तर नाही. आत्ता कुणालाही सांगता येत नाही. दरवर्षी दोन्ही हातांचा फोटो काढायचा, मोठी होईपर्यंत. डाव्याचाही, विसरू नकोस. तिथले डॉक्टर म्हणतील धडधाकट हाताचा कशाला? त्यांना हे दोन फोटो दाखव. पिवळ्या पाकिटात ठेवलेत, तू न्यायला येशील तेव्हा तिच्या कपड्यांत घालेन. मुडपू नकोस.

तू येशील. मी अडवणार नाही. तिला घेऊन जा. मी इथे थांबून बघेन.

खालचं तिने स्वतः लिहिलंय, उजव्या हाताने. वाकडं आहे ते तिचं आहे, मी हात लावलेला नाही.

*बाबा हे मी लिहिते. माझी करंगळी दुखते म्हणून आज्जी हसते. ती मला आता शिडीवर चढू देत नाही पण ती दुपारी झोपते. आज्जीला पण न्यायचं. तिची हाडं जुनी आहेत त्यांचा फोटो काढू. दलेंदा*